पाणी कुणाचे, मासा कुणाचा? भंडाऱ्याच्या तलावांवरील वेठीचा इतिहास

मासेमारीतील वेठबिगारीचा विषय निघाला की डोळ्यांपुढे समुद्र येतो. २०१५ साली असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी इंडोनेशियातील बेंजिना या गावाची हकीकत जगापुढे आणली. म्यानमार, कंबोडिया अशा देशांतून थायलंडमध्ये कामाच्या आशेने आलेली माणसे तिथून ट्रॉलरवर चढवली गेली होती. वर्षानुवर्षे त्यांना घरी परतता आले नव्हते आणि काहींना तर चक्क पिंजऱ्यात कोंडलेले आढळले. त्या वृत्तमालेनंतर दोन हजारांहून अधिक लोकांची सुटका झाली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिकही मिळाले.

या धाग्यात समुद्र मात्र अगदी थोडा येणार आहे. आपण जाणार आहोत भंडाऱ्याला. समुद्रापासून शेकडो कोस दूर, वैनगंगेच्या खोऱ्यात, जिथे शेतीइतकीच मासेमारीही जुनी आहे आणि तिच्याभोवतीची सक्तीही. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘वेठ’ हा मराठी शब्द संस्कृत ‘विष्टि’वरून आला. विष्टि म्हणजे राजाला किंवा गावाच्या धन्याला मोबदल्याविना द्यावे लागणारे श्रम. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळत त्यांची यादी येते. त्या यादीत सर्व प्रकारच्या विष्टीतून मुक्तता हा एक ठराविक उल्लेख असतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली हे लेख एकत्र संपादित करून प्रसिद्ध केले. सवलत म्हणून मुक्तता लिहून द्यावी लागते, याचा अर्थ उरलेल्या गावांवर विष्टि लागू होती, असाच घ्यावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा नकारार्थी नोंदींचे फार मोल असते. ज्यांनी विष्टि दिली त्यांनी ताम्रपट कोरले नाहीत. त्यांचा पुरावा दुसऱ्याच्या सवलतीत सापडतो.

‘बेगार’ हा फारसी शब्द पुढे आला आणि दोन्ही मिळून ‘वेठबिगार’ असा जोडशब्द रूढ झाला. राजवटी बदलल्या की शब्द बदलत गेले. काम तेच राहिले.

आता तलावांकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून जुने तलाव सहा हजारांहून अधिक भरतात. लहान तळ्याला इकडे ‘बोडी’ म्हणतात. सरकारी कागदांत मोठ्या तलावांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे आहे आणि त्याचेच लघुरूप ‘मामा तलाव’. बाहेरचा माणूस हे नाव ऐकून हसतो. पण त्या ‘माजी’मध्ये आपली सगळी कथा दडलेली आहे.

हे तलाव बांधण्याचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. उतार ओळखणे, पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा, ही विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. नवेगाव बांधाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडलेले आहे. हा तलाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून तो गोंदियात गेला. बांधणाऱ्या पाटलाचे नाव लोकस्मृतीने जपले. पाळीवर मातीच्या टोपल्या वाहणाऱ्यांची नावे तिने ठेवली नाहीत. ते श्रम मजुरीचे होते, धान्याच्या बोलीवरचे होते की वेठीचे, हे प्रत्येक तलावागणिक वेगळे असणार, आणि कौतुकाच्या भरात लिहिलेल्या ‘लोकसहभागा’च्या गोष्टी वाचताना मला हा प्रश्न नेहमी टोचतो.

तलावात जाळे टाकणारा समाज मात्र वेगळा. तो ढिवर. संस्कृतातील ‘धीवर’ हाच तो शब्द. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडी ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात ढिमर, कहार, भोई या समूहांची जी कामे सांगितली आहेत ती पाहा: मासे धरणे, शिंगाडा लावणे, पाणी भरणे, पालखी वाहणे. वरवर पाहता या चार कामांचा एकमेकांशी संबंध नाही. पाणी हा धागा मात्र त्यांना जोडतो. ढिवराच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांना चालत असे. ही प्रतिष्ठेची गोष्ट वाटू शकेल. पण व्यवहारात तिचा अर्थ असा झाला की गावात कुणी अंमलदार, पाहुणा वा लग्नाचे वऱ्हाड आले की पाण्याची कावड आणि पालखीचा दांडा ढिवराच्या खांद्यावर. ज्याच्या हातचे पाणी चालते त्याला बोलावणे सोपे असते. अस्पृश्य ठरवलेल्या जातींवर वेठ लादली गेली ती त्यांना दूर ठेवून, तर ढिवरावर ती आली त्याला जवळ बोलावून. जातिव्यवस्थेचे हे दुसरे टोक आपल्या लेखनात फारसे येत नाही.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. कंपनी सरकारने आपल्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ सालीच केला होता, पण तेव्हा भंडारा भोसल्यांकडे होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत हा स्वतंत्र प्रांत झाला आणि त्याच दशकात जमीन महसुलाची मोठी बंदोबस्ती झाली. इथे मूलभूत बदल घडला. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील हा सरकारला महसूल भरून देणारा मध्यस्थ होता, त्याची बोली बदलू शकत होती. इंग्रजांनी त्याला ‘मालगुजार’ म्हणून गावाचा मालक केला. शेतजमीन, पडीक, झाडे, तलाव, तलावातील पाणी आणि त्या पाण्यातला मासा, सगळे एका घराचे झाले.

गावाचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तऐवजात नोंदवले जात. कोणाला कुठून सरपण, कोणाला पाणी, कोणाचे काय देणे, अशा गोष्टी त्यात येत. प्रथा एकदा कागदावर आली की तिला दोन बाजू मिळतात. रयतेला हक्क दाखवता येतो आणि मालकाला देणेही दाखवता येते. मालगुजाराच्या शेतात नांगराचे काही दिवस फुकट देणे, त्याच्या घरच्या कार्याला राबणे, हे मध्य प्रांतात सर्वत्र परिचित होते. ढिवराच्या बाबतीत हे देणे माशाच्या रूपाने होई. मालकाच्या परवानगीने जाळे, धरलेल्या माशात मालकाचा वाटा, उरलेला आपला. मासा पकडायचा कोणी आणि त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत बसला.

मग सरकार काय करत होते? १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७४ होते. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबवणे हा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. यातील ‘बेकायदेशीरपणे’ हा शब्द बारकाईने वाचावा. हिवाळ्यात साहेबांचा दौरा निघे. तंबू, पेट्या, पाणी, रसद वाहायला गावोगाव माणसे धरली जात. जो अधिकारी दिवसा कलम ३७४ चा अंमल करणार, त्याचाच मुक्काम संध्याकाळी बेगारीवर उभा राही. अशा ठिकाणी फिर्याद कोण करणार आणि कोणाकडे?

१९३० साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा करार (क्रमांक २९) संमत केला. त्यातही गावाच्या हिताची किरकोळ सामुदायिक कामे हा अपवाद ठेवला होता. हा अपवाद मुळातून चुकीचा नाही. तलावाची पाळ फुटली तर सगळ्या गावाने धावले पाहिजे. पण ज्या गावाचा तलाव एका घराच्या मालकीचा आहे तिथे ‘गावाचे हित’ कोणते, हे ठरवणार कोण?

स्वतंत्र भारताने याचे उत्तर राज्यघटनेत दिले. मसुद्यातील अनुच्छेद १७ वर ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत चर्चा झाली. मत्स्य संघातून आलेले सदस्य राज बहादूर यांनी संस्थानांतील बेगारीची स्थिती विस्ताराने मांडली. तोच मजकूर पुढे अनुच्छेद २३ झाला. त्याने माणसांचा अपव्यापार, वेठबिगार आणि तशा स्वरूपाचे सर्व सक्तीचे श्रम या तिन्हींना एकाच वाक्यात मनाई केली. ही रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. आज ‘मानवी तस्करी’ म्हटले की आपल्याला सीमा, दलाल, बंद ट्रक दिसतात आणि ‘वेठबिगार’ म्हटले की जुन्या गावगाड्यातील जमीनदार. घटनाकारांना ही दोन वेगळी जगे वाटली नाहीत. बेंजिनाचा ट्रॉलर आणि भंडाऱ्याचा तलाव त्यांनी आधीच शेजारी ठेवले होते.

थोडे विषयांतर. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवायला आले ते भंडाऱ्यातच. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला भारताने जिनिव्हाच्या त्या १९३० च्या कराराला मान्यता दिली. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध काहीच नाही. तरी भंडाऱ्याच्या इतिहासात हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मालगुजारी संपली ती याच्या तीन वर्षे आधी. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. त्याने सरकारजमा केलेल्या गोष्टींची यादी लांबलचक आहे: जमिनी, गवताळ राने, जंगल, झाडे, विहिरी, तलाव, पाणवाटा, घाट, बाजार, जत्रा. त्या यादीत मत्स्यक्षेत्रेही नाव घेऊन आहेत. एका रात्रीत मासा मालगुजाराकडून सरकारकडे गेला. ढिवराकडे तो आला नाही. कसणाऱ्या कुळासाठी पुढे कायदे झाले. पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहणाऱ्याला कूळ म्हणून कोणी पाहिले नाही, कारण पाणी नांगरता येत नाही आणि त्याचा सातबारा ढिवराच्या नावे निघत नाही.

याच सुमारास ओडिशात चिल्का सरोवराचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथेही राजाची मालकी नुकतीच सरकारकडे गेली होती आणि राजाकडून तोंडी करारावर मासेमारीचा परवाना घेतलेले लोक दाद मागत होते. १९५५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेतील हितसंबंध आहे, तो नोंदणीकृत लेखी दस्तऐवजाशिवाय मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. पण सबंध देशात मासेमारीचे हक्क तोंडी परंपरेवर चालत आले असताना या सुसंगतीचा भार कोणावर पडला असेल, हे सांगायला नको.

मालगुजारीनंतर तलावांवर ठेक्याची पद्धत आली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तलाव पाटबंधारे खाते व जिल्हा परिषद यांच्यात वाटले गेले. मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या, त्यांना ठराविक वर्षांच्या ठेक्याने तलाव मिळू लागले. हा खराखुरा बदल होता आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या समाजाला शासनाने भटक्या जमाती (ब) प्रवर्गात ठेवले, त्याच्या हाती निदान कागदावर तरी तलाव आला.

अडचण पैशाची. ठेक्याची रक्कम आधी भरायची, रोहू-कतला-मृगळाचे बीज विकत आणून सोडायचे, जाळी घ्यायची आणि उत्पन्न यायचे ते पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर. मधल्या महिन्यांत घर चालवायचे कशावर? इथे व्यापारी येतो. तो उचल देतो. व्याज मागतोच असे नाही. त्याची अट वेगळी असते: मासा मलाच द्यायचा आणि भाव मी सांगेन तो. संस्था नावापुरती ढिवरांची आणि तलाव खरा ठेकेदाराचा, ही तक्रार विदर्भात जुनी आहे.

वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण झाले, त्याचा पायाही याच संदर्भात पाहावा. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. धरणाने शेती बुडाली, तिची मोजणी झाली, मोबदला अपुरा असला तरी त्याचा हिशेब मांडता आला. वाहत्या नदीत, डोहात आणि उथळ पाण्यात मासेमारी करणाऱ्याचे काय बुडाले याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार? ज्याची नदी जाते तो स्थलांतर करतो किंवा जलाशयावर दुसऱ्याच्या नावेत मजूर म्हणून उभा राहतो.

आता पुन्हा कायद्याकडे, कारण या धाग्याचा गाभा इथे आहे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम झाला. त्याच्या व्याख्येत देशभरातील वेठीच्या प्रादेशिक नावांची लांब यादी आहे. कामिया आहे, बारमासिया आहे, हलवाहा पद्धतीची नावे आहेत, तेलंगणाची वेट्टी आहे. विदर्भात पाडव्याला ज्याची बोली ठरते तो सालदार त्या यादीत नाही. मासेमारीशी जोडलेले एकही नाव तर नाहीच. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेत होते. म्हणूनच कदाचित अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही शेत, वीटभट्टी आणि खाण इतकेच येत राहिले.

यादी बाजूला ठेवून व्याख्येचे शब्द मात्र वाचा. उचल घेतल्यामुळे, किंवा रूढीच्या बंधनामुळे, किंवा विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे एखाद्या माणसाला चारपैकी कोणतीही एक गोष्ट सोसावी लागत असेल तर ती वेठबिगार होय. विनामजुरी वा नाममात्र मजुरीवर राबणे ही पहिली. दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे ही दुसरी. देशात मोकळेपणे फिरण्याचा हक्क गमावणे ही तिसरी. आणि चौथी, जिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते: आपल्या श्रमाचे फळ बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे.

ही चौथी अट तलावाच्या पाळीवर उभे राहून वाचावी. ज्या ढिवराने जाळ्यासाठी उचल घेतली आणि त्यामुळे ज्याला आपला मासा बाजारात नेता येत नाही, त्याला कोणी कोंडलेले नाही, मारलेले नाही, तो रोज आपल्या घरी झोपतो. तरीही त्याची स्थिती या व्याख्येत बसू शकते. साखळी दिसत नाही म्हणून ती नाही असे १९७६ चा कायदा मानत नाही. मालगुजाराच्या वाट्याची जागा व्यापाऱ्याच्या भावाने घेतली, इतकेच.

१९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात (पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार) आणखी एक पाऊल टाकले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालानुसार अनुच्छेद २३ मधील सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भूक आणि गरिबी माणसाला किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला लावते तेव्हा तीही सक्तीच असते.

किनाऱ्यावरची स्थिती याला समांतर आहे, म्हणून आता थोडा समुद्र. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. १ ऑगस्टला नौका निघतात. रत्नागिरीसारख्या बंदरांत खलाशी म्हणून नेपाळमधून आणि इतर राज्यांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने दिसतात. हंगामापूर्वी उचल, मग जवळजवळ दहा महिने नौकेवर, हिशेब शेवटी. विदर्भाच्या सालदाराला हा करार समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की सालदार भांडण झाले तर रात्री गाव सोडून जाऊ शकतो. भर समुद्रातल्या नौकेवरून कुठे जाणार? थायलंडच्या ट्रॉलरवर तीच उचल दलालाच्या हातून आली, ओळखपत्र मालकाच्या खिशात गेले आणि नौका महिनोन्‌महिने बंदराला लागेनाशी झाली. मासेमारीतील कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (क्रमांक १८८) २००७ साली झाला. त्याला मान्यता देणारा आशियातील पहिला देश २०१९ मध्ये थायलंडच ठरला, तोही बराच बभ्रा झाल्यानंतर.

मला विचारले जाते की भंडाऱ्याच्या ढिवराला बेंजिनाच्या कैद्याशेजारी ठेवणे अतिशयोक्ती नाही का? यातनांच्या मापाने पाहिले तर आहे, आणि ती दोन दुःखे सारखी आहेत असे मी म्हणत नाही. पण यंत्रणेच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हीकडे तीनच प्रश्न आहेत. पाण्यावर हक्क कोणाचा, पहिला पैसा कोणाचा आणि मासा विकणार कोण? तिन्हींचे उत्तर एकच माणूस असेल तर बाकीचे तपशील स्थळकाळानुसार भरले जातात.

भंडाऱ्यात आशेचे कामही चालू आहे. बेशरमसारख्या झुडपांनी आणि गाळाने भरलेल्या तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे, बाहेरून आणलेल्या बीजाबरोबर मूळच्या माशांना जागा करणे, ही कामे ढिवर समाजातील जाणत्यांनी आणि विशेषतः स्त्रियांनी अंगावर घेतली आहेत. भंडारा निसर्ग व सांस्कृतिक अभ्यास मंडळासारख्या संस्थेने त्यांच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद ठेवली. तलावात स्थानिक मासा पुन्हा आपोआप वाढू लागला की दरवर्षी बीज विकत घेण्याची गरज कमी होते. बीज कमी म्हणजे उचल कमी. पर्यावरणाचे काम म्हणून ज्याकडे पाहिले जाते ते इथे कर्जाच्या मुळावरही घाव घालते.

शेवटी १९७६ च्या कायद्यातील दोन तरतुदी, कारण त्या ठाऊक असणारे फार कमी भेटतात. वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी कायद्यानेच संपुष्टात आणली आहे. आणि कलम १५ नुसार, एखादे कर्ज वेठीचे आहे असे वेठबिगाराने किंवा जिल्ह्याच्या दक्षता समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कर्ज देणाऱ्यावर असतो. वहीत हिशेब व्यापाऱ्याने लिहिलेला असतो, ढिवराकडे कागद नसतो. चिल्काच्या निकालात कागद नसणे हक्काच्या आड आले होते. इथे कागद दाखवायचा आहे तो सावकाराने.